कापसाचा भाव आणि व्यापाराचा न्याय

इंग्लंडच्या पार्लमेंटाने १७२१ साली असा कायदा केला की, त्या देशात यापुढे कोणी छापील सुती कापड अंगावर वापरू नये आणि घरातील पडद्यांना किंवा बिछान्यांनाही लावू नये. त्यापूर्वी वीस वर्षे, १७०० च्या कायद्याने, हिंदुस्थान, इराण आणि चीन येथून येणाऱ्या रंगीत व छापील कापडाला मज्जाव झालेलाच होता; परंतु सुरतेची आणि मच्छलीपट्टणची छिटे इतकी सुबक, इतकी हलकी आणि इतकी स्वस्त होती की तेवढ्याने लोकांची आवड आवरेना, आणि १७१९ मध्ये लंडनचे विणकर रस्त्यावर उतरून छिटाचे कपडे घातलेल्या स्त्रियांच्या अंगावरील वस्त्रे फाडू लागले, तेव्हा सरकारला अधिक कडक हुकूम काढावा लागला. पुढे यंत्रे आली, वाफेचे बळ आले, लँकेशायरच्या गिरण्या जगाला कापड पुरवू लागल्या. आणि जेव्हा कोणत्याही स्पर्धेचे भय उरले नाही तेव्हा, धान्यावरील जकात रद्द झालेल्या १८४६ च्या सुमारास, त्याच देशातील मँचेस्टर हे शहर मुक्त व्यापाराच्या तत्त्वज्ञानाचे पीठ बनले. हा घटनाक्रम मी आरंभीच सांगतो तो कोणा राष्ट्राला दूषण देण्यासाठी नव्हे. मुक्त व्यापार श्रेष्ठ की न्याय्य व्यापार श्रेष्ठ, या वादात बोलणारा मनुष्य कोणत्या वर्षी आणि कोणत्या जागी उभा राहून बोलत आहे हे पाहिल्यावाचून त्याच्या सिद्धांताचे मोल करता येत नाही, अशी माझी दीर्घकाळची धारणा आहे, आणि प्रस्तुत संग्रहातील लेख मला मोलाचे वाटले ते याच कारणाने, की त्यांनी हा वाद अमूर्त तत्त्वांच्या पातळीवर न ठेवता कापसासारख्या एका वस्तूच्या पाठोपाठ शेतापासून बंदरापर्यंत नेला आहे.

मुक्त व्यापाराच्या पक्षाला त्याचा पुरता मान दिला पाहिजे. डेव्हिड रिकार्डोने १८१७ मध्ये मांडलेला तौलनिक लाभाचा सिद्धांत हा मानवी बुद्धीच्या सुंदर निर्मितींपैकी एक आहे. त्याच्या उदाहरणात ठरावीक कापड विणण्यास इंग्लंडला १०० आणि पोर्तुगालला ९० माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात, तर ठरावीक मद्य तयार करण्यास इंग्लंडला १२० आणि पोर्तुगालला ८०. म्हणजे दोन्ही बाबतींत पोर्तुगालच अधिक कुशल, आणि तरीही पोर्तुगालने मद्य करावे, इंग्लंडने कापड विणावे व दोघांनी अदलाबदल करावी यात उभयतांचे हित आहे, असे तो निर्विवादपणे सिद्ध करून देतो. दुबळ्यालाही देवघेवीत स्थान आहे, हे या सिद्धांताने जगाला शिकवले. परंतु ज्या दोन देशांची नावे त्याने घेतली त्यांच्यामध्ये १७०३ पासून मेथुएनचा तह होता, आणि त्या तहाने इंग्रजी लोकरी कापडाला पोर्तुगालची बाजारपेठ मोकळी केली होती व पोर्तुगीज मद्याला इंग्लंडात फ्रेंच मद्यापेक्षा एकतृतीयांश कमी जकात ठरवून दिली होती. जे अदलाबदलीचे चित्र रिकार्डोच्या पानावर निसर्गसिद्ध वाटते, त्याच्यामागे कागदावर सही-शिक्क्यानिशी झालेला एक राजकीय करार उभा होता. शिवाय भांडवल आपला देश सोडून सहसा परदेशी जात नाही, हे गृहीत त्याने स्वतः स्पष्ट शब्दांत नोंदवून ठेवले होते. ते गृहीत आज कितपत टिकते हे सुज्ञ वाचकास सांगावयास नको.

आपल्याकडे हा सिद्धांत आला तो पाठ्यपुस्तकांतून आणि जकातीच्या दप्तरातून एकदमच. विलायती सुती मालावर हिंदुस्थान सरकारने बसवलेली माफक जकात केवळ महसुलासाठी होती. तथापि लँकेशायरच्या गिरणीमालकांना तीही खपेना, आणि १८७९ मध्ये, देशात दुष्काळाचे व युद्धाचे ओझे असताना, लॉर्ड लिटनने आपल्या कौन्सिलातील बहुमत डावलून जाड्याभरड्या कापडावरील जकात उठवली. १८८२ मध्ये उरलीसुरली जकातही गेली. पुढे रुपयाची घसरण होऊन तिजोरी रिकामी पडली म्हणून १८९४ मध्ये जकात पुन्हा बसवावी लागली, तेव्हा मुंबई आणि अहमदाबादच्या गिरण्यांना तिचा चुकूनही आधार मिळू नये यासाठी देशी मालावर भरपाईचा अबकारी कर लादण्यात आला. १८९६ मध्ये विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात आणि हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी, अशी काटेकोर समता साधण्यात आली, व तो अबकारी कर १९२५ पर्यंत चालला. दोन्ही पारडी समान ठेवणे म्हणजेच न्याय, हा जो समज आजही अनेकांच्या मनात असतो, त्याचे यापेक्षा बोलके उदाहरण मला ठाऊक नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले, त्यातील मुख्य प्रतिपादन हेच होते की, अर्थशास्त्राचे नियम पदार्थविज्ञानाच्या नियमांसारखे देशकालनिरपेक्ष नसतात. ज्या समाजात माणूस, भांडवल आणि श्रम मोकळेपणाने हलू शकत नाहीत, तेथे मोकळ्या हालचालीवर उभारलेला सिद्धांत जसाच्या तसा लागू करता येत नाही. रानडे संयमी होते, व्यापाराचे शत्रू तर मुळीच नव्हते. म्हणूनच त्यांचा आक्षेप अधिक भेदक ठरला, असे मला वाटते.

वऱ्हाडचा मामला याहून निराळा आणि अधिक गुंतागुंतीचा. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या ताब्यात आला, आणि आठच वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध पेटून तेथील कापूस लिव्हरपूलला पोचेनासा झाला. त्या चार वर्षांत हिंदी कापसाला जो भाव आला त्याने मुंबईत शेअरांचे वेड माजले, समुद्र हटवण्याच्या कंपन्या निघाल्या, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो सारा डोलारा कोसळून मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. ही मुंबईची कथा सर्वांस परिचित आहे. वऱ्हाडात त्याच काळात काय घडले याची नोंद मात्र फारशी कोणी घेत नाही. ज्या कुणब्याची दृष्टी तोवर पंचक्रोशीतील आठवड्याच्या बाजारापलीकडे जात नव्हती, त्याच्या वखरणीचा आणि वेचणीचा हिशेब समुद्रापलीकडील युद्धाशी आणि पुढे तारायंत्राने येणाऱ्या लिव्हरपूलच्या दराशी जोडला गेला. रेल्वे आली, खामगावला १८७० मध्ये फाटा पोचला, अमरावती, अकोला, कारंजा येथे सरकी काढण्याचे आणि गठाणी दाबण्याचे कारखाने उभे राहिले. वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या हाती रोकड पैसा खेळू लागला तो या व्यापारानेच, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल; परंतु भाव पडला की त्याच रोकडीची जागा सावकाराच्या खतपत्राने घेतली, हेही तितकेच खरे. १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला, कारण वजनात, कटतीत आणि दलालीत होणारी लूट स्पर्धेने आपोआप थांबत नाही, ती थांबवण्यास नियम आणि नियम पाळायला लावणारा अंमलदार लागतो, हे तेथल्या राज्यकर्त्यांनाही उमगले. मुक्त व्यापाराची शपथ वाहणाऱ्या राजवटीने बाजार नियंत्रित करण्याचा हा पायंडा वऱ्हाडात पाडला, ही गोष्ट मनात ठेवण्याजोगी आहे.

आता आजच्या बाजाराकडे वळू. यवतमाळ किंवा वर्धा जिल्ह्यातील एखाद्या बाजार समितीच्या आवारात नोव्हेंबरच्या सकाळी कापसाने भरलेल्या गाड्यांची रांग लागलेली असते. हर्रास सुरू झाला की खरेदीदार गाडीत हात खुपसून मूठभर कापूस बाहेर ओढतो, बोटांनी धागा ताणून पाहतो, सरकी दाताखाली फोडून ओलावा अजमावतो, आणि काही क्षणांत भाव बोलतो. शेतकऱ्याची आठ महिन्यांची मेहनत त्या काही क्षणांत तोलली जाते. खरेदीदाराच्या मनात मात्र तेव्हा वेगळाच हिशेब चालू असतो: क्विंटलभर कापसातून तेहतीस ते पस्तीस किलो रुई निघेल, उरलेल्यातून सरकी, सरकीचा भाव तेलाच्या आणि ढेपेच्या बाजारावर, रुईचा भाव खंडीमागे, म्हणजे ३५६ किलोमागे, आणि खंडीचा भाव न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात पौंडामागे किती सेंट चालले आहेत यावर. तो आकडा २००१ च्या अखेरीस चाळीस सेंटांच्याही खाली गेला होता आणि मार्च २०११ मध्ये दोन डॉलरांच्या वर चढला होता. दहा वर्षांत पाचपट हेलकावे खाणाऱ्या या आकड्यावर कोरडवाहू जमिनीचा, पावसाच्या भरवशावर पेरलेला हंगाम टांगलेला असतो. ओलावा आठ टक्क्यांहून अधिक भरला तर सरकारी केंद्रावर कटती, बारा टक्क्यांच्या वर गेला तर गाडी परत. आणि परतलेली गाडी गावात उभ्या असलेल्या खेडा खरेदीच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर जाते, तेथे मिळेल तो भाव.

न्यूयॉर्कचा हा आकडा निदान निर्मळ स्पर्धेतून तरी ठरतो काय, हा पुढचा प्रश्न. या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील कापूस उत्पादक सुमारे पंचवीस हजार. त्यांना त्यांच्या सरकारकडून २००१-०२ च्या हंगामात मिळालेले साहाय्य तीन अब्ज डॉलरांहून अधिक होते. भाव पडला तरी त्यांच्या पेरणीवर परिणाम होत नव्हता, आणि पेरणी कमी न झाल्याने जगाचा भाव अधिकच पडत होता. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या पश्चिम व मध्य आफ्रिकेतील चार दरिद्री देशांचे निर्यातीचे उत्पन्न तेव्हा मोठ्या प्रमाणात कापसावर चालत असे; त्यांनी २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेपुढे आपली कैफियत मांडली. बुर्किना फासोचे अध्यक्ष स्वतः जिनिव्हास गेले. त्यांची मागणी दानाची नव्हती, सवलतीचीही नव्हती. व्यापार मुक्त करण्याचे जे वचन श्रीमंत देशांनी सर्वांकडून लिहून घेतले ते त्यांनी स्वतः पाळावे, एवढीच होती. त्याच सप्टेंबरात कानकुन येथे भरलेल्या परिषदेत त्यांच्या हाती जो मसुदा ठेवण्यात आला, त्यात कापसावर अवलंबून न राहता अर्थव्यवस्था विविध करण्याकडे साधनसंपत्ती वळवण्याचा उपदेश होता. ती परिषद मोडली. हे वाचताना आजही मन विषण्ण होते.

ब्राझीलने मात्र कायद्याची वाट धरली. त्याने २००२ मध्ये दाद मागितली, २००५ पर्यंत निवाडा त्याच्या बाजूने कायम झाला, आणि अमेरिकेच्या मालावर प्रतिजकात बसवण्याची मुभाही त्याला २००९ मध्ये मिळाली. मग झाले काय? साहाय्य थांबवण्याऐवजी अमेरिकेने २०१० पासून ब्राझीलच्या कापूस उत्पादकांच्या निधीला दरसाल १४ कोटी ७३ लाख डॉलर द्यावयाचे कबूल केले, आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलरांचा अखेरचा हप्ता देऊन तो दावा निकालात निघाला. ज्याच्यापाशी वकील, आकडेवारी आणि प्रत्युत्तराची ताकद होती त्याला भरपाई मिळाली. बेनिन आणि चाड तेथेच राहिले. न्यायाचे नियम लिहिलेले असणे ही फार मोठी गोष्ट आहे, आणि जागतिक व्यापार संघटनेला सरसकट शिव्या देणाऱ्या मंडळींनी हा खटला अवश्य अभ्यासावा. परंतु नियमाचा लाभ पदरात पाडून घेण्यासाठीही सामर्थ्य लागते, आणि ते सर्वांपाशी सारखे नसते.

परक्यांचा दोष दाखवून आपण मोकळे होऊ शकत नाही. महाराष्ट्र सरकारने १९७१ च्या कायद्यान्वये कापूस एकाधिकार खरेदी योजना आखली आणि १९७२ च्या हंगामापासून राज्यातील सर्व कापूस सरकारलाच विकण्याचे बंधन घातले. हेतू उदात्त होता. व्यापाऱ्याच्या कचाट्यातून शेतकऱ्याची सुटका व्हावी, त्याला हमीभाव मिळावा, फायदा झाल्यास त्यातही वाटा मिळावा. आरंभीच्या वर्षांत त्याचा उपयोगही झाला. पुढे मात्र केंद्रांवर गाड्यांच्या रांगा, प्रतवारीतील पक्षपात, महिनोन्महिने अडकलेले चुकारे आणि तोट्याच्या खाईत गेलेली योजना, हे चित्र विदर्भाने पाहिले. राज्याबाहेर भाव चढा असला तर आपलाच कापूस सीमेपलीकडे नेणारा शेतकरी गुन्हेगार ठरू लागला. शरद जोशींनी याच एकाधिकारावर कठोर प्रहार केले. रास्त भावासाठी लक्षावधी शेतकऱ्यांना रस्त्यावर आणणारा हा नेता जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावाचा आणि खुल्या बाजाराचा महाराष्ट्रातील सर्वांत निर्भीड पुरस्कर्ता होता, हे ज्यांना विसंगत वाटते त्यांनी त्यांची मांडणी नीट ऐकलीच नाही असे म्हणावे लागेल. त्यांचे म्हणणे असे होते की, निर्यातबंदी, साठ्यावरील मर्यादा आणि राज्यबंदी यांच्या द्वारा सरकारच शेतकऱ्याचा भाव पाडते, त्याला मिळणारे साहाय्य वस्तुतः उणे आहे, आणि सरकार बाजूला झाले तरच न्याय मिळेल. मार्च २०१२ मध्ये केंद्र सरकारने एका रात्रीत कापसाची निर्यात बंद केली आणि आठवड्याभरात तो हुकूम मागे घ्यावा लागला, तेव्हा त्यांच्या निदानाची सत्यता पुन्हा एकदा पटली. त्यांच्या उपचाराविषयी मात्र मी तितका निःशंक नाही. सरकार बाजूला झाले तरी त्या रिकाम्या जागी वायदेबाजार, मोठा निर्यातदार आणि परदेशी अनुदान हे उभे राहतातच.

न्याय्य व्यापाराची चळवळ याच रिकाम्या जागेतून उगवली. मेक्सिकोतील ओआहाका प्रांतातले कॉफी उत्पादक आणि नेदरलंड्समधील कार्यकर्ते यांनी मिळून १९८८ मध्ये एक प्रमाणचिन्ह सुरू केले, आणि जावातील रयतेच्या पिळवणुकीवर १८६० साली निघालेल्या ज्या डच कादंबरीने त्या राष्ट्राची सदसद्विवेकबुद्धी हलवली होती तिच्या नायकाचे, माक्स हाफेलारचे, नाव त्याला दिले. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कॉफी करारातील निर्यातीचे कोटे कोलमडले, भाव निम्म्यावर आला, आणि या चिन्हाची गरज सर्वांना कळली. त्याची रीत साधी आहे: बाजारभाव कितीही पडो, ठरलेल्या किमान दराखाली खरेदी करावयाची नाही, बाजारभाव चढला तर तो द्यावयाचा, आणि वर काही अधिमूल्य उत्पादकांच्या संघाकडे जमा करावयाचे, ज्याचा विनियोग संघाच्या सभेने ठरवावा. २००५ च्या आसपास कापूसही या व्यवस्थेत आला, आणि विदर्भ, तेलंगण, ओडिशा येथील काही गटांनी त्याचा लाभ घेतला. या अधिमूल्यातून कोठे विहीर झाली, कोठे गोदाम झाले. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, काट्यापुढे एकटा उभा राहणारा शेतकरी गटाने उभा राहू लागला. या चळवळीविषयी मला मनःपूर्वक आदर आहे. परंतु तिच्या मर्यादेचाही विचार केला पाहिजे. प्रमाणपत्र मिळालेल्या मालापैकी थोडाच त्या अटींवर विकला जातो, उरलेला सामान्य बाजारातच जातो. तपासणीचा खर्च गटाच्या डोक्यावर. आणि एका सदऱ्याच्या किमतीत कच्च्या कापसाचा वाटा इतका अल्प असतो की, तो दुप्पट झाला तरी गिऱ्हाइकाला जाणवू नये, आणि तरीही तो वाढत नाही. कापूस न्याय्य दराने घेतला तरी त्याच धाग्याचे कपडे शिवणाऱ्या बायका कोणत्या इमारतीत बसतात हे चिन्ह सांगेलच असे नाही. ढाक्याजवळ सावर येथे २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा कोसळून ११०० हून अधिक माणसे चिरडली गेली, त्या इमारतीतील कपडे जगातील नामांकित दुकानांत जात होते.

सारे लेख वाचून माझ्या मनात जे मत स्थिर झाले ते असे. व्यापार मुक्त आहे की न्याय्य आहे हे जकातीच्या तक्त्यावरून किंवा कापडावरील चिठ्ठीवरून ठरत नाही. विकणाऱ्याला समोरचा सौदा नाकारून थांबता येते की नाही, यावरून ते ठरते. मोठी गिरणी थांबू शकते, निर्यातदार थांबू शकतो, न्यूयॉर्कचा सटोडिया तर थांबण्याचाच धंदा करतो. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मानगुटीवर मात्र कृषिसेवा केंद्राची उधारी, किलोमागे चुकवावयाची वेचणीची मजुरी आणि ३१ मार्चला फेडावयाचे पीककर्ज बसलेले असते, आणि म्हणून पीक घरात आल्याबरोबर, सर्वांचे पीक एकदमच येऊन भाव पडलेला असताना, त्याला विकावे लागते. ज्याला नाही म्हणण्याची सोय नाही त्याच्या होकाराला करार म्हणणे अर्थशास्त्राला शोभत नाही. एका हंगामात मात्र पुष्कळ शेतकरी थांबले होते. २०२१-२२ मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. तो भाव डोळ्यांपुढे ठेवून पुढच्या वर्षी घरोघरी कापूस साठवला गेला, माजघरात, ओसरीवर, मुलांच्या अंथरुणाशेजारी. अंगाला खाज सुटली, आगीचे भय राहिले, आणि भाव उतरतच गेला. थांबण्याची इच्छा होती. थांबण्याची साधने, म्हणजे गोदाम, तारणावर कर्ज आणि पुढील भावाची विश्वसनीय वार्ता, नव्हती. त्या वर्षीच्या नुकसानीवरून शेतकऱ्याला लोभी ठरवणारे लेखन माझ्या वाचनात आले, त्याचे मला अतीव दुःख झाले.

संग्रहातील काही लेखकांचा भर आयातजकातीवर आहे. त्यांच्याशी माझा अंशतः मतभेद आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये कापसावर अकरा टक्के आयातजकात बसली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने हिंदी मालावर पन्नास टक्के जकात लादली तेव्हा कापड उद्योगाला दिलासा म्हणून ती अकरा टक्क्यांची जकात १९ ऑगस्टपासून प्रथम सप्टेंबरअखेर आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत उठवण्यात आली. विदर्भात त्या वेळी कपाशी पात्याफुलांवर होती. पेरणी झाली होती ती वेगळ्या दराच्या भरवशावर; नवा कापूस बाजारात येण्याच्या ऐन तोंडावर नियम बदलला. मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपयांचा हमीभाव जाहीर होता हे खरे, पण तो मिळतो सरकारी केंद्रावर, ओलाव्याच्या अटीत बसणाऱ्या कापसालाच. गिरण्यांची अडचण खोटी नव्हती, त्यांच्यावर लाखो मजुरांची चूल अवलंबून आहे. म्हणून जकात असावी की नसावी, एवढ्यावरच मी हटून बसणार नाही. जी काही असेल ती मे महिन्यात, बियाणे विकत घेण्यापूर्वी, जाहीर व्हावी आणि अखेरची वेचणी होऊन कापूस विकला जाईपर्यंत तिला हात लावू नये. मध्येच बदलणे भागच पडले तर त्याचा भार तिजोरीने उचलावा, शेतकऱ्याने नव्हे. या मागणीला मुक्त व्यापाराचे कैवारी आणि न्याय्य व्यापाराचे कैवारी, दोघांचीही हरकत असण्याचे कारण मला दिसत नाही, आणि पुढील लेखांत दोन्ही पक्षांनी जे पुरावे रुजू केले आहेत ते वाचकांनी या दृष्टीने तपासावेत अशी माझी विनंती आहे.